आधी सांगा, ओव्हन किती वेळा तापवला?

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धातूच्या दोन पट्ट्या चिकटद्रव्याने जोडायच्या, ओव्हनमध्ये जोड पक्का करायचा आणि मग तो किती मेगापास्कलला तुटतो ते ओढून मोजायचे. तापमानाच्या पातळ्या दोन, ८० आणि १२० अंश सेल्सिअस. वेळेच्या तीन, २०, ४० आणि ६० मिनिटे. म्हणजे सहा संयोग, प्रत्येकाचे चार नमुने, एकूण २४ आकडे. तुम्ही आधी तापमानासाठी वेगळा आणि वेळेसाठी वेगळा असा एकघटकी अनोव्हा केला, म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी चाचणी. दोन्हीकडे पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.४ च्या आसपास आली. मार्गदर्शक म्हणाले, दोन्हींचा काही परिणाम दिसत नाही, आता दुसरे काहीतरी बदलून बघा. मग तुम्ही दोन्ही घटक एकत्र घातले, तर इंटरॅक्शनची, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीवर अवलंबून असण्याची, पी-व्हॅल्यू ०.०००१ च्याही खाली गेली. यातले खरे कोणते, नॉर्मॅलिटीची (आकडे घंटेच्या आकारात विखुरलेत का याची) चाचणी नापास झाली तिचे काय करायचे, आणि पुढच्या टप्प्यात आणखी तीन घटक घ्यायचे आहेत ते एकेक करून घ्यायचे की एकदम, असे तुमचे तीन प्रश्न.

तिन्हींची उत्तरे देतो. पण तुमच्या मजकुराच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आलेय: "सगळे काम एका दिवसात, सहा फेऱ्यांत आटोपले." माझा जीव त्या वाक्यात अडकलाय. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो, कारण आधी अनोव्हाचा तक्ता नीट वाचता आला नाही तर ते वाक्य का धोक्याचे आहे ते कळणार नाही.

तुमचे आकडे मी थोडे गोल करून घेतलेत, म्हणजे हिशेब कागदावर करता येईल. सहा संयोगांच्या सरासऱ्या अशा: ८० अंशांना २०, ४०, ६० मिनिटांसाठी अनुक्रमे १२, १७, १९. आणि १२० अंशांना १९, १६, १६. एकूण सरासरी १६.५. आता तक्ता. त्यात वर्गबेरीज म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) म्हणजे त्यातल्या स्वतंत्र फरकांची संख्या, मध्यवर्ग म्हणजे वर्गबेरीज भागिले डीएफ, एफ म्हणजे त्या ओळीचा मध्यवर्ग भागिले एररचा मध्यवर्ग, आणि एरर म्हणजे एकाच संयोगाच्या नमुन्यांत उरलेला फरक:

| स्रोत | वर्गबेरीज | डीएफ | मध्यवर्ग | एफ | पी |
|---|---|---|---|---|---|
| तापमान | ६ | १ | ६ | १.९३ | ०.१८ |
| वेळ | १६ | २ | ८ | २.५७ | ०.१० |
| तापमान × वेळ | ११२ | २ | ५६ | १८.०० | ०.००००५ |
| एरर | ५६ | १८ | ३.११ | | |
| एकूण | १९० | २३ | | | |

अनोव्हा म्हणजे, पुस्तकी मराठीत प्रचरण विश्लेषण, हा मुळात जमाखर्च आहे. २४ आकडे एकूण सरासरीपासून जितके विखुरले आहेत त्याची एकच रक्कम, १९०. ती कोणाच्या खात्यावर किती टाकायची एवढाच प्रश्न. तुम्ही फक्त तापमानाचा अनोव्हा केलात तेव्हा तापमानाच्या खात्यावर ६ गेले आणि उरलेले सगळे १८४ एररच्या खात्यावर. पण त्या १८४ मध्ये काय काय आहे? वेळेचे १६, इंटरॅक्शनचे ११२ आणि खरोखरचा एरर फक्त ५६. प्रयोगातला सगळ्यात मोठा आवाज तुम्ही गोंगाट समजून गोंगाटातच मिसळलात. एररचा मध्यवर्ग त्यामुळे ३.११ ऐवजी ८.३६ झाला आणि तापमानाचा एफ ०.७२ वर आला. वेळेचेही तेच, १७४ भागिले २१ म्हणजे ८.२९, एफ ०.९७. दोन्ही एकघटकी उत्तरे गणित म्हणून बरोबर आहेत. फक्त ती अशा प्रयोगाची उत्तरे आहेत, ज्यात दुसरा घटक कोणी मुद्दाम बदललाच नव्हता. तुम्ही तो बदलला होता.

आता इंटरॅक्शन, ज्याला आंतरक्रिया म्हणतात, ती वाचायची कशी? तापमान वाढवल्याने जोडाची ताकद किती वाढते, असे मला कोणी विचारले तर मी उलट विचारेन, किती मिनिटांना? २० मिनिटांना ७ ने वाढते. ४० मिनिटांना १ ने घटते. ६० मिनिटांना ३ ने घटते. या तिन्हींची सरासरी अधिक १, आणि तक्त्यातला "तापमानाचा मुख्य परिणाम" म्हणजे हाच अधिक १. हा आकडा कोणत्याच परिस्थितीचे वर्णन करत नाही. एक पाय बर्फात, एक पाय निखाऱ्यावर, सरासरी कोमट. म्हणून "तापमानाचा परिणाम लक्षणीय नाही" हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका. तापमानाचा परिणाम आहे आणि भरपूर आहे, तो वेळेप्रमाणे दिशा बदलतो.

अशा वेळी मुख्य परिणामांच्या ओळी सोडून द्यायच्या आणि सहा सरासऱ्यांचा आलेख काढायचा. आडव्या अक्षावर वेळ, प्रत्येक तापमानाची एक रेष. तुमच्या दोन रेषा २० आणि ४० मिनिटांच्या दरम्यान एकमेकींना छेदतात. मग हवे तर एकेका तापमानाला वेळेचा परिणाम वेगळा तपासायचा, पण एरर मात्र मोठ्या तक्त्यातलाच, ३.११, वापरायचा. ८० अंशांना वेळेची वर्गबेरीज १०४ येते, १२० अंशांना २४. दोन्ही मिळून १२८, म्हणजे वेळेचे १६ आणि इंटरॅक्शनचे ११२. जमाखर्च जुळतो. हा ताळा दर वेळी करून बघा, सॉफ्टवेअरला कोणता एरर वापरायला सांगितला हे त्यातून लगेच कळते.

एकेक घटक बदलण्याबद्दलचे उत्तरही याच सहा आकड्यांत आहे. समजा तुम्ही ८० अंश, २० मिनिटांपासून सुरुवात केली असती. ताकद १२. आधी वेळ बदलली: ४० ला १७, ६० ला १९. छान, ६० मिनिटे पक्की. आता तापमान १२० केले: १६. घसरली. निष्कर्ष: ८० अंश, ६० मिनिटे हेच उत्तम. अहवाल सादर, विषय संपला. आणि १२० अंशांना अवघ्या २० मिनिटांत तीच १९ ची ताकद मिळते हे कोणाला कधीच कळले नसते, कारण त्या कोपऱ्यात कोणी पाऊलच टाकले नसते. ओव्हनचा वेळ एक तृतीयांशावर आणणारा संयोग हातचा गेला असता. "एका वेळी एकच गोष्ट बदला" ही शिकवण शाळेपासून इतकी अंगात मुरलेली असते की ती चुकीची असू शकते असे वाटतच नाही. बिघडलेले यंत्र दुरुस्त करताना ती ठीक आहे. घटक एकमेकांत गुंतलेले असतात तिथे ती फसवते.

आता त्या सहा फेऱ्यांकडे.

सहा संयोग आणि सहा फेऱ्या, म्हणजे प्रत्येक संयोगाचे चारही नमुने एकाच वेळी एकाच ओव्हनमध्ये होते, बरोबर? मग त्या चार नमुन्यांना मिळालेले तापमान चार वेळा स्वतंत्रपणे लावलेले नाही. ते एकदाच लावले आणि चौघांनी वाटून घेतले. त्या फेरीत ओव्हन जरा जास्त तापला असेल, दार नीट लागले नसेल, चिकटद्रव्य कालवून थोडा जास्त वेळ गेला असेल, तर चारही नमुने मिळून वर जातील किंवा मिळून खाली येतील. चारांमधला आपापसातला फरक तुम्हाला नमुन्या-नमुन्यांतला फरक सांगतो. फेरी पुन्हा केली असती तर काय झाले असते, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आणि "१२० अंश, २० मिनिटे" या संयोगाची तुलना दुसऱ्या संयोगाशी करताना नेमका तोच प्रश्न असतो: हा फरक संयोगामुळे आहे की फेरी वेगळी असल्यामुळे? ज्या वस्तूला चिठ्ठी टाकून उपचार (इथे तापमान-वेळेचा संयोग) दिला जातो, ती वस्तू म्हणजे प्रायोगिक एकक. तुमच्याकडे ते एकक म्हणजे फेरी. एकके सहा, संयोग सहा, एकूण डीएफ पाच, आणि ते पाचही संयोगांनीच खाऊन टाकले. खऱ्या एररसाठी उरतात शून्य. वरच्या तक्त्यातले १८ डीएफ आणि ०.००००५ हे दोन्ही, वाईट वाटून घेऊ नका, पण हवेतले आहेत.

या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, मराठीत आभासी पुनरावृत्ती म्हणता येईल. हा शब्द रूढ केला पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये, पर्यावरणशास्त्रातले प्रसिद्ध झालेले प्रयोग तपासताना. माझा स्वतःचा पहिला धडा एका प्रयोगशाळेतल्या अशाच ओव्हनने दिला. आम्ही सगळ्या चढ्या तापमानाच्या फेऱ्या सकाळी आणि कमी तापमानाच्या दुपारी उरकल्या, कारण पुन्हा पुन्हा तापवणे-निववणे कंटाळवाणे होते. देखणा निकाल आला. महिन्याभराने पुन्हा करून पाहिले तर निम्मा फरक गायब. नंतर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून बघितले, तेव्हा तबकडीवर तोच आकडा असताना दोन फेऱ्यांत पाच-सहा अंशांचा फरक निघाला. तेव्हापासून कोणीही अनोव्हाचा तक्ता पुढे केला की मी आधी विचारतो, ओव्हन किती वेळा तापवला? ओव्हनच्या जागी शेतातला वाफा, पेशींची डिश, वर्ग, पिंजरा, रंगाची एक बादली, काहीही घाला.

तुमच्या समाधानासाठी सांगतो, ही चूक अनोव्हाच्या जन्माइतकीच जुनी आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. 'व्हेरिअन्स' (प्रचरण, म्हणजे आकडे किती विखुरलेत याचे माप) हा शब्द त्यांनी त्याआधीच, १९१८ च्या आनुवंशिकतेवरच्या निबंधात वापरला होता. पहिला छापील अनोव्हा तक्ता आला १९२३ मध्ये, विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबतच्या निबंधात: बटाट्याचे १२ वाण आणि निरनिराळी खते, म्हणजे तोही फॅक्टोरियलच, सगळे घटक एकदम, सगळ्या संयोगांत तपासणारा. पण शेतातली मांडणी पायरीपायरीची होती. काही गोष्टी मोठ्या तुकड्यांना दिल्या होत्या, काही त्यांच्या आतल्या लहान तुकड्यांना, आणि विश्लेषणात मात्र सगळ्यांना एकच एरर लावला होता. दोनच वर्षांनी, १९२५ च्या पुस्तकात, फिशरनी त्या प्रयोगातले आकडे पुन्हा घेतले आणि मोठ्या तुकड्यांचा एरर वेगळा, लहान तुकड्यांचा वेगळा असा हिशेब मांडला. आज आपण त्याला स्प्लिट-प्लॉट म्हणतो. तक्ता सुधारला कसा, तर शेतात खत नक्की कसे टाकले याची आठवण ठेवून. फॅक्टोरियल मांडणीचे पद्धतशीर शास्त्र मग रोथॅमस्टेडच्याच फ्रँक येट्स यांनी उभे केले, १९३७ च्या त्यांच्या पुस्तिकेत.

म्हणजे तुमचा डेटा फेकून द्यायचा का? नाही. तीन गोष्टी करता येतील.

पहिली, जुगाड म्हणा हवे तर. सहा सरासऱ्यांत पाच डीएफ आहेत: तापमान, वेळेची सरळ रेष, वेळेचा बाक, तापमान × सरळ रेष, तापमान × बाक. बाक खरा नाही असे मानायची तयारी असेल तर ते दोन डीएफ एरर म्हणून वापरता येतात. तुमच्या आकड्यांत बाकाची वर्गबेरीज ० आणि तापमान × बाकाची १२, म्हणजे मध्यवर्ग ६. तापमान × सरळ रेषेची १००. एफ आला १६.७, पण १ आणि २ डीएफवर. पी किती? ०.०५५. तोच डेटा, तोच प्रश्न. फक्त एरर योग्य पातळीवरून घेतल्याबरोबर ०.००००५ चे ०.०५५ झाले. शिवाय "बाक नाही" हे गृहीतकही इथे लंगडेच आहे. चिकटद्रव्य पक्के होताना ताकद आधी भरभर वाढते आणि मग स्थिरावते, तो बाकच असतो. तेव्हा हा आकडा अहवालात ठोकून देण्यासाठी नाही. पुढचा प्रयोग करणे योग्य आहे, एवढी खात्री देण्यासाठी आहे.

दुसरी, त्या ओव्हनच्या जुन्या नोंदी असतील तर शोधा. एकच ठरावीक जोड वेगवेगळ्या दिवशी पक्का करून तपासल्याच्या नोंदी अनेक ठिकाणी गुणवत्ता नियंत्रणासाठी ठेवलेल्या असतात. त्यातून फेरी-फेरीतला फरक किती याचा बाहेरून अंदाज मिळतो.

तिसरी आणि खरी: प्रयोग पुन्हा करा, पण नमुने वाढवू नका, फेऱ्या वाढवा. हा मुद्दा लोकांच्या गळी उतरत नाही म्हणून आकड्यांत सांगतो. समजा फेरी-फेरीतले प्रचरण ४ आहे आणि एकाच फेरीतल्या नमुन्यांतले ३. प्रत्येक संयोगाला एकूण चारच नमुने द्यायचे आहेत. एका फेरीत चार नमुने ठेवले तर संयोगाच्या सरासरीचे प्रचरण ४ + ३/४ = ४.७५. दोन फेऱ्यांत दोन-दोन ठेवले तर २ + ०.७५ = २.७५. चार फेऱ्यांत एकेक ठेवला तर १ + ०.७५ = १.७५. नमुने तितकेच, पट्ट्या तितक्याच, चिकटद्रव्य तितकेच. पहिल्या मांडणीत तुम्ही चाराचे शंभर नमुने केले असते तरी ४ च्या खाली गेला नसता.

मांडणी कोणती घ्यावी? ओव्हन लवकर तापत-निवत असेल तर तीन दिवस घ्या, दररोज सहाही संयोगांच्या सहा फेऱ्या, क्रम दररोज नव्याने चिठ्ठ्या टाकून, प्रत्येक फेरीत दोन नमुने. दिवस हा ब्लॉक, म्हणजे दिवसा-दिवसातला फरक वेगळ्या खात्यावर काढणारा गट. विश्लेषण दोन नमुन्यांच्या सरासरीवर करा. १८ फेऱ्या, १७ डीएफ: दिवस २, तापमान १, वेळ २, इंटरॅक्शन २, एरर १०. दहा डीएफचा प्रामाणिक एरर हा अठरा डीएफच्या खोट्या एररपेक्षा केव्हाही बरा.

ओव्हन तापायला-निवायला तास-दीड तास लागत असेल तर दिवसाला सहा फेऱ्या कोणी करणार नाही, आणि कोणी सांगितले तरी माणसे पळवाट काढतातच. मग सरळ स्प्लिट-प्लॉट करा. चार दिवस, दररोज दोनच तापवण्या, ८० आणि १२०, कोणती आधी ते नाणे उडवून. प्रत्येक तापवणीत तीन नमुने आत ठेवायचे आणि २०, ४०, ६० मिनिटांनी एकेक बाहेर काढायचा. कोणत्या जागेवरचा नमुना कधी काढायचा हे चिठ्ठीने ठरवा, नाहीतर दारापासचा नमुना हटकून पहिला निघतो आणि वेळेत जागा मिसळते. डीएफ असे: दिवस ३, तापमान १, तापवण्यांचा एरर ३, मग वेळ २, इंटरॅक्शन २, नमुन्यांचा एरर १२, एकूण २३. तापमानाचा मुख्य परिणाम तीन डीएफच्या एररवर तपासला जातो, तिथे पाच टक्के पातळीसाठी एफ १०.१३ च्या वर लागतो. वेळ आणि इंटरॅक्शन बारा डीएफवर, तिथे ३.८९ पुरतो. तापमानाची चाचणी बोथट, इंटरॅक्शनची धारदार. तुमचा सगळा प्रश्नच इंटरॅक्शनचा आहे, त्यामुळे हा सौदा फायद्याचा आहे. फक्त एकाच वेळेला दोन तापमानांची तुलना करताना दोन्ही एरर एकत्र येतात, तिथे हाताने हिशेब करू नका. मिक्स्ड मॉडेल (ठरावीक आणि यादृच्छिक घटक एकत्र हाताळणारे) लावा, दिवस आणि तापवणी यादृच्छिक घटक म्हणून घाला, आणि डीएफसाठी सॅटर्थवेट किंवा केनवर्ड-रॉजर पद्धत निवडा. (दार उघडले की तापमान पडते, म्हणून ४० आणि ६० मिनिटांच्या नमुन्यांना तो धक्का जास्त वेळा बसतो. छोटी गोष्ट आहे, पण अहवालात नोंदवा.)

नॉर्मॅलिटी. तुम्ही सगळे २४ आकडे एकत्र घेऊन चाचणी लावली. त्या २४ मध्ये १२ पासून १९ पर्यंतच्या वेगवेगळ्या सरासऱ्यांची भेसळ आहे, ते घंटेच्या आकारात बसावेत अशी अपेक्षा कोणीच केलेली नाही. अपेक्षा आहे ती अवशेषांबद्दल, म्हणजे प्रत्येक आकड्यातून त्याच्या संयोगाची सरासरी वजा केल्यावर जे उरते त्याबद्दल. त्याचाही आलेख बघा, चाचणीच्या पी-व्हॅल्यूवर अडून बसू नका. सगळ्या गटांत नमुने सारखे असतील तर थोड्याफार वाकड्या वितरणाने एफ बिघडत नाही. असमान प्रचरण त्याहून त्रासदायक, विशेषतः गटांचे आकार वेगळे असतील तर. आणि सगळ्यात घातक, नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नसणे. गंमत अशी की पहिल्या गोष्टीसाठी सॉफ्टवेअरमध्ये डझनभर चाचण्या आहेत आणि तिसरीसाठी तुमच्या डायरीशिवाय काही नाही. माझी सवय सांगतो: अवशेषांचे दोन आलेख काढतो, एक अंदाजित सरासरीसमोर, दुसरा फेरीच्या क्रमासमोर. दुसऱ्यात उतार दिसला की दिवसभरात काहीतरी सरकत गेले.

कोणी सांगेल, लॉग घ्या म्हणजे इंटरॅक्शन जाईल. काही इंटरॅक्शन खरोखरच मोजपट्टीमुळे दिसतात: परिणाम गुणाकाराने होत असतात आणि आपण बेरजेने मोजतो, तिथे लॉग घेतला की रेषा समांतर होतात. पण तुमच्या रेषा एकमेकींना छेदतात. एका ठिकाणी १२० वर, दुसऱ्या ठिकाणी ८० वर. क्रम कायम ठेवणारे कोणतेही रूपांतर घेतले तरी वरचा खाली येत नाही. हे छेदन फेऱ्यांच्या पुनरावृत्तीतही टिकले, तर इंटरॅक्शन खरे.

आता पुढच्या टप्प्यातले तीन घटक: पृष्ठभाग घासणे, प्राइमर (चिकटद्रव्याआधी लावायचा थर) आणि दाब. एकदम घ्या. प्रत्येकाच्या दोन पातळ्या ठेवा, तापमान आणि वेळ यांच्याही दोनच, म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२ संयोग. घाबरू नका, प्रत्येक संयोग अनेकदा करायची गरज नसते. फॅक्टोरियलमध्ये प्रत्येक आकडा सगळ्या घटकांसाठी राबतो. तीन घटकांच्या आठ फेऱ्यांत प्रत्येक परिणाम चार विरुद्ध चार असा मोजला जातो. एकेक घटक बदलून तेवढीच अचूकता हवी असेल तर १६ फेऱ्या लागतात, आणि इंटरॅक्शन तरीही दिसत नाही ते वेगळेच.

३२ परवडत नसतील तर अर्धे करा. चार घटकांचे १६ संयोग लिहा, पातळ्यांना उणे एक आणि अधिक एक अशी नावे द्या, आणि पाचव्या घटकाची पातळी त्या चारांच्या गुणाकाराने ठरवा. किंमत एवढीच की प्रत्येक मुख्य परिणाम एका चार-घटकी इंटरॅक्शनमध्ये मिसळतो, आणि प्रत्येक दोन-घटकी इंटरॅक्शन एका तीन-घटकी इंटरॅक्शनमध्ये. चार घटकांचे मोठे इंटरॅक्शन मी प्रत्यक्षात अजून पाहिलेले नाही, त्यामुळे ही किंमत मी डोळे मिटून मोजतो. आठ फेऱ्यांपर्यंत खाली जाऊ नका. तिथे दोन-घटकी इंटरॅक्शन मुख्य परिणामांत मिसळतात, आणि तुमच्याकडे तापमान × वेळ हे जबरदस्त निघण्याची शक्यता आधीच दिसतेय. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फिनी यांनी अशा अंशतः मांडण्या १९४५ मध्ये मांडल्या, आणि दोनच वर्षांनी आपल्या सी. आर. राव यांच्या ऑर्थोगोनल अ‍ॅरेनी (पातळ्यांची प्रत्येक जोडी सारख्या वेळा आणणाऱ्या तक्त्यांनी) त्यांना भक्कम गणिती पाया दिला.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. घासणे, प्राइमर आणि दाब हे तिन्ही प्रत्येक नमुन्याला वेगवेगळे देता येतात, दाबासाठी प्रत्येक जोडाला आपापला चिमटा असला म्हणजे झाले. त्यामुळे एकाच फेरीत वेगवेगळे पृष्ठभाग आणि वेगवेगळे दाब असलेले नमुने शेजारी-शेजारी ठेवा. या तिघांची तुलना फेरीच्या आत होईल, ओव्हनचा लहरीपणा त्यात शिरणारच नाही. चार सारखे नमुने एका फेरीत कोंबण्याऐवजी चार वेगळे ठेवायचे, खर्च तोच.

दोनच पातळ्या ठेवल्यावर वेळेचा बाक दिसणार नाही हे खरे. त्यासाठी मधल्या बिंदूच्या, १०० अंश आणि ४० मिनिटांच्या, तीन-चार फेऱ्या दिवसभरात विखरून घाला. बाक आहे की नाही तेही कळेल आणि फेऱ्यांचा शुद्ध एररही हाती लागेल.

मधेच नमुने घसरले, फुटले आणि गटांचे आकार असमान झाले तर एका सॉफ्टवेअरचा तक्ता दुसऱ्याशी जुळणार नाही. गोंधळू नका. संख्याशास्त्राच्या 'आर' या सॉफ्टवेअरमधला साधा अनोव्हा घटक ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने वर्गबेरीज वाटतो, त्याला टाइप १ म्हणतात. 'एसपीएसएस' हे सॉफ्टवेअर न विचारता टाइप ३ देते, म्हणजे प्रत्येक घटक बाकी सगळ्यांचा वाटा काढल्यावर मोजते. समतोल डेटात दोन्ही एकच. असमतोलात सगळ्यात वरचे इंटरॅक्शन दोन्हीकडे सारखेच येते, भांडण असते ते मुख्य परिणामांवर. आणि इंटरॅक्शन तुमच्याइतके मोठे असेल तर त्या ओळी आपण वाचणारच नाही आहोत.

सध्याच्या अहवालात सहा सरासऱ्यांचा आलेख द्या. खाली लिहा की प्रत्येक बिंदू ओव्हनच्या एकाच फेरीतला आहे, उभ्या रेघा फेरीच्या आतला नमुन्यांतला फरक दाखवतात, आणि फेरी-फेरीतला फरक या प्रयोगातून काढता येत नाही. पी-व्हॅल्यू एकही देऊ नका. १२० अंश आणि २० मिनिटे हा संयोग पुन्हा तपासण्याजोगा आहे असे म्हणा, आणि त्याखाली वरच्या दोन मांडण्यांपैकी जी निवडाल तिचा डीएफचा तक्ता जोडा, एफ आणि पीचे रकाने मोकळे ठेवून.